जुन्या मुंबईची छायाचित्रे : एक वाचन

जुन्या मुंबईच्या छायाचित्रांचे संग्रह अलीकडे वरचेवर प्रसिद्ध होतात. गुळगुळीत कागद, भरपूर रुंदीची पाने आणि चित्राखाली एक-दोन ओळींची टीप, असे ह्या ग्रंथांचे बहुधा रूप असते. सुशिक्षित कुटुंबांच्या दिवाणखान्यात त्यांस मानाचे स्थान मिळते. आलेला पाहुणा पाने चाळतो, 'काय सुंदर, मोकळे, स्वच्छ शहर होते हे!' असा उद्गार काढतो आणि पुस्तक मिटून चहाकडे वळतो. ग्रंथाचे कार्य तेथे संपले असे सर्वांनाच वाटते. ह्या उद्गाराविषयी आणि तो सुलभ करून देणाऱ्या संग्राहकांविषयी चार शब्द लिहावे, असे पुष्कळ दिवस मनात होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यास आपण पहिल्याच वर्षी शिकवतो की, संहिता हाती आली म्हणजे ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली आणि कोणासाठी लिहिली हे प्रश्न आधी विचारावे. छायाचित्रापुढे मात्र आपण हे सारे विसरतो. यंत्राने काढलेले चित्र, तेव्हा ते सत्यच असणार, अशी आपली भाबडी समजूत असते. वस्तुतः स्थळ आणि काळ निश्चित झाल्यावाचून छायाचित्र साक्ष देऊ शकत नाही. साक्षीदार उभा आहे, परंतु तो कोणत्या गावचा आणि कोणत्या प्रसंगी हजर होता हेच ठाऊक नसेल, तर न्यायाधीशाने त्याचे काय करावे?

प्रथम त्या 'मोकळ्या' रस्त्यांचाच विचार करू. मुंबईत छायाचित्रण मंडळाची स्थापना १८५४ साली झाली. लगेच पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ह्या विद्येचा वर्गही निघाला. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे आपल्या लोकांपैकी आरंभीचे छायाचित्रकार. त्या काळची रीत अशी की, काचेवर ओला लेप चढवून ती ओली असतानाच चित्र घ्यावयाचे. प्रकाश आत घेण्यास कित्येक सेकंद लागत. तेवढ्या वेळात जो हलला, तो काचेवर उमटत नसे, किंवा उमटला तर धुरकट छायेसारखा. घरे स्थिर, म्हणून ती राहिली. हमाल, पाणके, फेरीवाले आणि मुले चालत होती, म्हणून ती नाहीशी झाली. ज्या रस्त्यास आपण निर्मनुष्य म्हणून वाखाणतो, त्याच रस्त्याची गजबज गोविंद नारायण माडगांवकरांच्या १८६३ सालच्या 'मुंबईचे वर्णन' ह्या पुस्तकात ऐकू येते. काचेला जे पकडता आले नाही ते त्या मराठी लेखणीने पकडले. म्हणून आमचे म्हणणे असे की, १८८० पूर्वीचे चित्र पाहताना माडगांवकर उशाशी असावे. एकटे चित्र पाहणारास जुनी मुंबई शांत होती असा भ्रम होतो, आणि त्या भ्रमावर आजच्या गर्दीविषयीचा पुष्कळसा तिटकारा पोसला जातो.

आता स्थलनिश्चयाकडे वळू. हे काम करणारे हौशी अभ्यासक आज बरेच आहेत, आणि त्यांच्यापैकी उत्तमांची पद्धती कोणत्याही पाठचिकित्सकास शोभेल अशी आहे. एक उदाहरण घेऊ. पश्चिमेच्या बाजूने घेतलेले एक चित्र आहे असे समजा. समोर मोकळे मैदान, पलीकडे गॉथिक धर्तीच्या दगडी इमारतींची रांग. विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह पुरे झालेले दिसते, परंतु त्याच्या शेजारी राजाबाई मनोरा नाही. सभागृह १८७४ साली पुरे झाले आणि मनोरा १८७८ च्या नोव्हेंबरात. म्हणजे चित्राचा काळ ह्या चार वर्षांतला. मनोरा पराती बांधलेल्या अवस्थेत अर्धामुर्धा दिसला, तर मर्यादा आणखी आखडते. इमारतींची दर्शनी बाजू उजळलेली असेल तर वेळ दुपारनंतरची, कारण ती रांग पश्चिमेस तोंड करून आहे. रस्त्यावर ट्रामचे रूळ असले तर चित्र १८७४ च्या मे महिन्यानंतरचे, कारण घोड्यांची ट्राम तेव्हा सुरू झाली. डोक्यावर विजेच्या ट्रामची तार असली तर ते १९०७ नंतरचे. ताजमहाल हॉटेल उभे आहे पण गेटवे ऑफ इंडिया नाही, असे दिसले तर काळ १९०३ ते १९२४ ह्यांच्या दरम्यानचा. जे दिसते त्याइतकेच जे दिसत नाही तेही बोलके असते, हा ह्या शास्त्राचा पहिला धडा होय.

दुसरा धडा असा की, छायाचित्रकार कोठे उभा होता ते शोधावे. वरच्याच चित्रात तो जेथे उभा असेल, तेथून थोड्याच अंतरावर त्याच्या पाठीमागे बी. बी. सी. आय. रेल्वेचे रूळ आणि त्यालगत समुद्र होता. आज ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस वळणदार सज्जांची जी घरे दिसतात, ती पुढे समुद्र हटवून मिळवलेल्या भूमीवर १९३० नंतरच्या दशकात उभी राहिली. मैदानाच्या ह्या दोन्ही बाजूंस मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या दोहोंमध्ये अर्ध्या शतकाचे अंतर आहे आणि एक बुजवलेली खाडी आहे, हे चित्राखालच्या टिपेत कोणी सांगत नाही. चित्राच्या चौकटीबाहेर काय होते हे कळल्याशिवाय चौकटीतले कळत नाही.

तिसरा धडा नावांविषयीचा. मुंबईत वास्तू पडतात, पण नावे चालत राहतात. कधी ती जागाही बदलतात. 'कॉटन ग्रीन' हे नाव घ्या. टाउन हॉलसमोरच्या हिरवळीवर कापसाच्या गासड्यांचे ढीग पडत, तो व्यापार १८४४ साली कुलाब्यास गेला आणि पुढे विसाव्या शतकात शिवडीकडे. छायाचित्रणाची कला हिंदुस्थानात आली ती १८४० च्या सुमारास, आणि मुंबईत ती रुळली त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी. तेव्हा गासड्यांनी भरलेल्या पटांगणाच्या चित्राखाली 'टाउन हॉलसमोरील मैदान' अशी टीप आढळली, तर ती चूक आहे असे चित्र न पाहताही बहुधा म्हणता येते. चर्चगेटची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. कोटाचा तट सर बार्टल फ्रियर ह्यांच्या कारकीर्दीत, १८६२ नंतरच्या काही वर्षांत पाडला गेला. दरवाजा गेला, स्थानकास नाव उरले, आणि दरवाजा होता त्या जागेच्या आसपास फ्लोरा फाउंटन आले. धोबी तलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक ह्या नावांत पाणी आहे, जागेवर नाही. कुलाब्याचे रेल्वे स्थानक तर सर्वांहून दुर्दैवी. १९३० च्या अखेरीस ते बंद झाले आणि त्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. त्या स्थानकाचे चित्र पाहून 'हे चर्चगेट असावे' असा तर्क करणारे चांगले शिकलेले लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. ज्याचे नावही उरले नाही ते ओळखावे कशाच्या आधारे?

इथवर संग्राहकांशी आमचे भांडण नाही. ते सुरू होते ते टिपांच्या नकलेपाशी. मूळ छायाचित्रकाराने वा त्याच्या युरोपियन गिऱ्हाइकाने जी टीप लिहिली, तीच शंभर-सव्वाशे वर्षे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात राहते. त्या टिपांत कोटातील प्रत्येक पुतळ्यास नाव आहे. गिरगाव, भुलेश्वर, भेंडीबाजार येथील गल्ल्यांस मात्र 'देशी लोकांचा रस्ता' एवढ्यावर समाधान मानावे लागते. गोऱ्या प्रवाशाला त्याहून अधिक हवे नव्हते, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्याच गल्लीत ज्यांच्या आजोबांनी संसार केले, त्यांनीही ती टीप जशीच्या तशी उतरून घ्यावी, ह्याला काय म्हणावे? मोरो विनायक शिंगणे आणि बाळकृष्ण बापू आचार्य ह्यांचा 'मुंबईचा वृत्तांत' १८८९ सालीच प्रसिद्ध झाला आहे. गल्लीस नाव देण्याची साधने मराठीत नाहीत असे नाही.

केवळ टीपच अपुरी असते असेही नाही. चित्रही कधी कधी रचलेले असते. विल्यम जॉन्सन ह्याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांच्या चित्रांचे दोन भाग १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील पुष्कळ चित्रांत माणसे एकीकडे घेतली आहेत आणि मागचा देखावा दुसरीकडचा जोडला आहे. माणसे खरी आणि जागाही खरी. पण ती माणसे त्या जागी उभी नव्हती. हे ग्रंथ आज कौतुकाने छापले जातात. ह्या जोडकामाचा उल्लेख न करता ते छापणे म्हणजे प्रक्षिप्त श्लोक मूळ काव्यात मिसळून देण्यासारखे आहे.

आणि पुतळ्यांचेही नुसते नाव पुरत नाही. खंडेराव गायकवाडांनी दिलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ पासून एस्प्लनेडवर होता. त्याचे नक्षीदार छत्र प्रत्येक संग्रहात झळकते. १८९६ साली चापेकर बंधूंनी ह्याच पुतळ्यास डांबर फासले, हे मात्र क्वचितच एखादी टीप सांगते. काळ्या घोड्यावरचा युवराजही १८७९ पासून तसाच निश्चिंत बसलेला दिसतो. पुढे १९६५ साली दोन्ही पुतळे भायखळ्याच्या बागेत रवाना झाले. फ्लोरा फाउंटनच्या जुन्या चित्राकडे आजचा मराठी वाचक पाहतो, तेव्हा त्याला १९५५ च्या नोव्हेंबरातील गोळीबार आणि हुतात्मा चौक आठवल्यावाचून राहत नाही. ही आठवण चित्रात नाही. ती वाचकाने न्यावयाची असते. संग्राहकाने निदान तिची वाट अडवू नये.

सर्वांत बोचणारी गोष्ट शेवटी सांगतो. दाट वस्तीच्या मुंबईची, साध्या लोकांच्या घरांची जवळून घेतलेली चित्रे शोधू गेल्यास ती मोठ्या संख्येने एकाच प्रसंगाची सापडतात : १८९६-९७ च्या प्लेगची. तपासणीच्या टोळ्या, बंबाच्या पाण्याने धुतलेली घरे, रुग्णालयांचे तात्पुरते मांडव. ज्या घरांकडे एरवी कोणी यंत्र वळवले नाही, त्यांच्याकडे ते वळले ते घर रोगाचे ठाणे ठरल्यावर. पुढे १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नागपाड्याची वस्ती हलली, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढण्यासाठी कित्येक गल्ल्या नाहीशा झाल्या. हवा आणि उजेड आले हे खरे, आणि ते हवेच होते. परंतु त्या गल्लीचे चित्र उरले असेल तर ते बहुधा सरकारी दफ्तरात, 'अस्वच्छ वस्ती' ह्या शीर्षकाखाली. माणसाचे एकच छायाचित्र असावे आणि ते मृत्युशय्येवरचे असावे, तसे हे झाले. ह्या चित्रांतील एखादी गल्ली नावानिशी ओळखणे ही हौसेची बाब राहत नाही. ते एक ऋण फेडणे होय. जे अभ्यासक मनोरे सोडून अशा गल्ल्यांच्या मागे लागले आहेत, त्यांचे काम आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते, आणि प्रकाशक त्यांनाच सर्वांत कमी पाने देतात.

ह्यावर कोणी विचारील की, सामान्य वाचकाने काय करावे? उत्तर आमच्याच घरातले आहे. आजोबांचे एक छायाचित्र आमच्याकडे आहे. टोपी घातलेले सहा-सात तरुण एका भिंतीपुढे उभे आहेत आणि डाव्या कोपऱ्यात पाटीची शेवटची अक्षरे दिसतात : '…णावळ'. खाणावळ ती खरी, पण कोणती? ठाकुरद्वारची, फणसवाडीची, की मुगभाटातली? आजोबा गेले; वडिलांस ठाऊक होते, ते वारंवार सांगतही असत, आणि आम्ही वर्गात दुसऱ्यांचे पाठभेद समजावून देण्यात गुंतलेले असल्यामुळे ऐकले नाही. आता भिंगाखाली ती अक्षरे कितीही मोठी केली तरी पुढचा अर्धा शब्द मिळत नाही. वर सांगितलेली सारी पद्धती आम्ही त्या चित्रास लावून पाहिली आहे. सावलीवरून वेळ सकाळची किंवा संध्याकाळची एवढे निघाले. जागा निघाली नाही.

राजाबाई मनोऱ्याची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. ज्या मुंबईस कोणी टीप लिहिली नाही, ती आपल्याच पेट्यांत, लग्नाच्या आणि मुंजीच्या चित्रांच्या पाठीमागच्या चाळींच्या कठड्यांत पडून आहे. सांगणारे वडीलधारे अजून ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी येत्या सुट्टीत ती चित्रे काढावी, त्यांच्याजवळ बसावे, आणि प्रत्येकाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, जागा आणि साल लिहून ठेवावे. पुढच्या टीकाकाराचे अर्धे काम तेवढ्याने होईल, आणि उरलेले अर्धे करण्यास त्याला आधार मिळेल.