‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ड’ : शोक आणि ख्रिस्ती आशा

ख्रिस्ती शोकसाहित्यात आशेचा उच्चार बहुधा पुनर्मीलनाच्या आश्वासनातून होतो. सी. एस. लुईस यांचे ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ड’ (१९६१) हे छोटेखानी पुस्तक या रूढ आश्वासनावर विसंबत नाही. तरीही ते आशेचेच पुस्तक आहे. ते कसे, याचा विचार येथे केला आहे.

‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ (१९४०) या ग्रंथात लुईस यांनी दुःखाची तात्त्विक मीमांसा केली होती. बधिर मानवाला जागे करण्याचे ईश्वरी साधन म्हणून वेदनेकडे तेथे पाहिले गेले. १३ जुलै १९६० रोजी पत्नी जॉय डेव्हिडमन कर्करोगाने निवर्तल्या आणि ही मीमांसा लेखकाच्याच उपयोगी पडेना. त्यानंतरची टिपणे त्यांनी एन. डब्ल्यू. क्लर्क या टोपणनावाने प्रसिद्ध केली.

आरंभीच्या भागांतील निवेदकाला ‘ईश्वर नसेल तर?’ ही चिंता फारशी नाही. ‘तो क्रूर असेल तर?’ ही आहे. असे भय श्रद्धावंतालाच वाटू शकते. आशाहीनांप्रमाणे शोक करू नये, हा पौलाने थेस्सलनीकाकरांना केलेला उपदेश ते धुडकावत नाहीत. मात्र मृतापेक्षा ईश्वरावर अधिक प्रेम करणाऱ्यालाच त्याने धीर येईल, असे ते प्रांजळपणे नोंदवतात.

तिसऱ्या भागात विचाराला वळण मिळते. शोकाचा आवेग ओसरताच पत्नीची आठवण अंधूक न होता अधिक स्पष्ट होते. आपण कवटाळली होती ती स्वनिर्मित प्रतिमा. प्रत्यक्षातील पत्नी तर अशा प्रतिमांना सतत छेद देणारी होती. हाच न्याय ते पुढे ईश्वराला लावतात : तोही आपल्याविषयीच्या मानवी प्रतिमांचा भंजक आहे. लुईस यांची आशा या प्रतिमाभंगातून येते. मृत व्यक्ती आपल्या शोकाच्या मालकीची नाही, हे मान्य करणे हा तिचा गाभा होय.

चौथा भाग काहीसा घाईचा वाटतो. इतका तीव्र संशय इतक्या लवकर निवळावा, हे सहज पटत नाही. परंतु घरात सापडलेली चौथी कोरी वही शेवटची, नवी विकत आणायची नाही, असे लेखकाने ठरवलेले असते. म्हणजे संपते ती वही. शोक संपल्याचा दावा नाही. अखेरीस पत्नी हसते, पण पतीकडे पाहून नव्हे. दान्तेच्या बिआत्रिसप्रमाणे ती शाश्वत निर्झराकडे वळते.