क्रियापद नसलेली चित्रं

‘परवा’ हा शब्द एकटा उच्चारला, तर तो मागचा दिवस की पुढचा हे कळायला मार्ग नाही. परवा गेलो होतो, परवा जाणार आहे. निवाडा करतं ते क्रियापद, आणि मराठीत ते बहुतेकदा वाक्याच्या शेवटी येतं. ‘परवा आईला घेऊन डॉक्टरांकडे...’ इथवर ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही दिवस जिवंत असतात. डेनी व्हिलनव्हचा ‘अरायव्हल’ (२०१६) तिसऱ्यांदा पाहत होतो तेव्हा जाणवलं, की पहिल्या वेळी या सिनेमाने मला गाठलं ते नेमकं याच जागी. त्याने चित्रं दाखवली आणि क्रियापद राखून ठेवलं.

मी सिनेमाचा अभ्यासक नाही. नारळीकरांच्या विज्ञानकथा आणि वाचनालयातल्या रहस्यकथा वाचत वाढलेला, रात्रीची जेवणं झाली की त्याच जातीचा एखादा सिनेमा लावणारा प्रेक्षक आहे. इतक्या वर्षांत एक आवड मात्र पक्की झाली. रहस्य माझ्यासमोर उघड्यावर ठेवलेलं असावं, शेवटच्या दहा मिनिटांत कुणी खिशातून काढून दाखवलेलं नसावं. हिचकॉकचं म्हणणं असं होतं, की टेबलाखालचा बॉम्ब एकदम फुटला तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का मिळतो. तोच आधी दाखवला आणि टेबलाभोवतीच्या गप्पा तशाच चालू ठेवल्या, तर जीव टांगणीला लागतो. ‘अरायव्हल’मध्ये बॉम्ब पहिल्या काही मिनिटांतच दाखवलेला आहे. तो बॉम्ब आहे, एवढंच आपल्याला ओळखू येत नाही. (पुढे सगळं रहस्य येणार आहे. ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांनी आधी तो पाहावा, ही मनापासून विनंती.)

तळ्याकाठचं एक घर. लुईस नावाची बाई, तिच्या कुशीत नुकतं जन्मलेलं बाळ. मग अंगणात धावणारी, बोटांची पिस्तुलं करून आईला गुदगुल्यांच्या धमक्या देणारी मुलगी. मग वयात आलेली, आईवर रागावलेली मुलगी. मग रुग्णालय, गेलेले केस, आईचं कोसळणं आणि एका बाजूला वळत जाणारा लांब कॉरिडॉर. मागे मॅक्स रिख्टरची तंतुवाद्यांची संथ रचना. चारेक मिनिटांत एक अख्खं आयुष्य सुरू होऊन संपतं. लगेच पुढच्या दृश्यात लुईस महाविद्यालयात शिकवायला निघालेली दिसते, चेहरा उतरलेला, आजूबाजूच्या गडबडीकडे लक्ष नसलेली. आपण मनातल्या मनात वाक्य पुरं करतो: हिची मुलगी गेली, त्याला काही वर्षं झाली, अजून सावरलेली नाही.

हे वाक्य सिनेमा म्हणत नाही. ते आपण म्हणतो. चित्रपटात आधी दिसलं ते आधी घडलं, अशी आपल्या डोळ्यांची सवय आहे, आणि दिग्दर्शक त्या सवयीच्या भरवशावर निर्धास्त आहे. खरं तर लुईसचा आवाज अगदी आरंभीच सांगतो, की गोष्टीची सुरुवात कुठे, याबद्दल तिचा आधी काही वेगळाच समज होता. आपण ते ऐकतो आणि शोकात बुडालेल्या आईचं स्वगत म्हणून सोडून देतो.

एमी अ‍ॅडम्सने लुईसचं काम केलं आहे आणि दुसऱ्यांदा पाहताना तिच्या अभिनयातली खरी अवघड कसरत दिसते. पहिल्या वेळी तो चेहरा दुःखी वाटतो. दुसऱ्या वेळी कळतं की ती दुःखी नाही, एकटी आहे. दोन्ही वेळा चेहरा तोच, एकही रेषा खोटी नाही. एका संध्याकाळी ती बोलता बोलता म्हणून जाते, की संवादाचं शास्त्र येत असलं तरी माणूस एकटाच राहू शकतो. मुलीचा उल्लेख कुणाहीपाशी करत नाही. आपण तेही सोडून देतो.

मूळ प्रसंग थोडक्यात असा. सुमारे दीड हजार फूट उंचीची बारा यानं पृथ्वीवर बारा ठिकाणी येऊन उभी राहतात. अमेरिकेतलं मोंटानाच्या कुरणावर, जमिनीपासून थोडं वर तरंगतं. आत सात पायांचे जीव आहेत. दर अठरा तासांनी दार उघडतं. सैन्याला हवं आहे एकाच प्रश्नाचं उत्तर: का आलात? त्यासाठी कर्नल वेबर भाषाशास्त्रज्ञ लुईसला आणि भौतिकशास्त्रज्ञ इयनला घेऊन जातो. विज्ञानपटात परग्रहवासी आले की पहिली निवड वैमानिकांची होते. इथे भाषेच्या शिक्षिकेला बोलावणं येतं, आणि मला या सिनेमाबद्दल पहिलं प्रेम वाटलं ते या निवडीमुळे.

लुईसची निवड कशी होते ते बघण्यासारखं आहे. कर्नल दुसऱ्या एका तज्ज्ञाकडे निघालेला असतो. ती म्हणते, त्याला संस्कृतमधला युद्धवाचक शब्द विचारा आणि त्याचा अर्थ विचारा. रात्री हेलिकॉप्टर तिच्या दारात उतरतं. शब्द आहे ‘गविष्टि’. दुसऱ्या तज्ज्ञाच्या मते अर्थ वादविवाद. लुईसच्या मते आणखी गाई हव्याशा वाटणं. कर्नल तिला सामान बांधायला सांगतो. पाश्चात्त्य प्रेक्षकाला हा एक चटकदार किस्सा वाटत असेल. आपल्याला मात्र गो आणि इष्टि हे दोन्ही तुकडे उघड दिसतात. विराटपर्वातलं गोग्रहण आठवतं. गावोगावच्या देवळांबाहेर उन्हापावसात उभे असलेले वीरगळ आठवतात, ज्यांच्या खालच्या पट्टीत कितीदा तरी गाईच कोरलेल्या असतात आणि त्यांच्यासाठी पडलेला वीर. पहिला अर्थ कोशातून आलेला आहे, दुसऱ्या अर्थात लढणारी माणसं आहेत. शब्दाच्या पोटात कुणाला काय हवं होतं हे पाहणारी बाई परक्यांच्या शब्दाकडेही तसंच पाहील, हे पटकथाकार एरिक हायसररने एका शब्दात पक्कं केलं आहे.

मग तो फळ्याचा प्रसंग. माझ्या मते सिनेमातला सगळ्यात उत्कंठावर्धक प्रसंग हाच, आणि त्यात फळा, पेन आणि दोन माणसं यांपलीकडे काही नाही. कर्नलला घाई आहे. ती ‘माणूस’, ‘चालणे’ असले बालवाडीचे शब्द का शिकवत बसली आहे, हे त्याला कळत नाही. ती फळ्यावर त्याचाच प्रश्न लिहिते: पृथ्वीवर येण्यामागे तुमचा हेतू काय? आणि त्याचे तुकडे पाडू लागते. आधी त्यांना ‘प्रश्न’ म्हणजे काय हे कळायला हवं, की ही उत्तर मागण्याची रीत आहे. मग ‘तुमचा’ म्हणजे समोरच्या एकट्याचा की तुम्हा सगळ्यांचा. मग ‘हेतू’, म्हणजे काही करण्यामागे इच्छा असते ही कल्पना. एका साध्या वाक्याखाली किती मजले आहेत, हे दाखवत ती खाली उतरते, आणि आपल्याला पायाखालची जमीन पोकळ वाटू लागते. इंग्रजीतल्या ‘तुमचा’ची अडचण मराठीत आणखी वाढते, कारण आपलं ‘तुम्ही’ अनेकांसाठी आहे तसंच एकट्या आदरणीय माणसासाठीही. सात पायांच्या पाहुण्याला आपण काय म्हटलं असतं? मला वाटतं, ‘आपण’ म्हटलं असतं. त्या शब्दाकडे मी परत येणार आहे.

त्या जीवांची लिपी म्हणजे धुक्यातून उमटणारी शाईची वर्तुळं. मार्टिन बर्ट्रँड या चित्रकर्तीने ती रेखाटली. त्या वर्तुळाला आरंभ नाही, शेवट नाही. वाक्य दोन्ही टोकांनी एकदम लिहायचं, तर त्याचा शेवट कुठे येणार आणि त्याला किती जागा लागणार हे आधीच ठाऊक हवं. टेड चियांगच्या मूळ दीर्घकथेत (१९९८) हे समजावायला प्रकाशकिरणाचा नियम येतो: किरण कमीत कमी वेळाची वाट निवडतो, जणू निघण्याआधीच पोहोचण्याचं ठिकाण त्याला माहीत असावं. सिनेमाने भौतिकशास्त्राचा तो धागा सोडला आणि सगळा भार लिपीवर टाकला. वाचकाला किरण पुरतो. प्रेक्षकाला डोळ्यांसमोर काहीतरी उमटताना दिसायला हवं होतं.

कथेचा गळफास आवळला जातो तो एका शब्दावर. पाहुणे म्हणतात, आम्ही शस्त्र देऊ करतो आहोत. झालं, बारा देशांत पळापळ. लुईस विनवते, की त्यांना शस्त्र आणि अवजार यांतला फरक अजून शिकवलेलाच नाही. इंग्रजीत ही दोन टोकं आहेत. मराठीत तो फरक एका शब्दात मावतो: हत्यार. सुताराचा रंधा हत्यार, पटाशी हत्यार आणि तलवारही हत्यारच. खंडेनवमीला घराघरात आणि कारखान्यांत ज्यांना हळदकुंकू वाहतो त्यांत पाने, करवती आणि खड्ग यांच्यात आपण भेद करत नाही. ते कशासाठी उचललं जाईल यावर त्याचं नाव ठरतं. लुईसला जे ओरडून सांगायचं आहे ते आपल्या रोजच्या शब्दातच आहे, हे उमगलं तेव्हा मी सिनेमा थांबवून थोडा वेळ तसाच बसून राहिलो होतो.

आणि तो ‘आपण’. बारा ठिकाणच्या पाहुण्यांनी एकाच संदेशाचे बारा तुकडे बारा देशांच्या हाती दिलेले आहेत. जोडले तरच वाचता येतील. पण देश एकेक करून एकमेकांचे पडदे बंद करतात. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे. ऐकणाऱ्याला आत घेतलं की बाहेर ठेवलं, ते संदर्भावर सोडायचं. मराठीत बोलताना ते लपवता येत नाही. नियंत्रणकक्षातला प्रत्येक अधिकारी ‘आम्ही’ बोलतो आहे, आणि पाहुण्यांची सगळी धडपड त्याला ‘आपण’ म्हणायला लावण्याची आहे. चिनी तुकडी माजाँगच्या सोंगट्यांतून संवाद साधते आहे हे कळल्यावर लुईसचा चेहरा पडतो तो यासाठीच. ज्या भाषेत फक्त डाव आहे तिच्यात समोरचा कायम प्रतिस्पर्धीच असणार.

पुढे सैन्यातलेच काही घाबरलेले शिपाई यानात स्फोटकं ठेवतात. लुईस शेवटी एकटीच आत जाते. आता मधली काच नाही. ती त्याच धुक्यात उभी आहे. मध्यंतरी तिला त्या लहान मुलीचे तुकडे दिसत राहिलेले असतात: मातीचं सात पायांचं खेळणं, आणि आईबाबांचं चित्र, ज्यात पक्ष्याचा पिंजरा आहे. यानात हवा तपासायला रोज नेतात तो पिंजरा. तोही आपल्या डोळ्यांसमोरून गेलेला असतो. लुईस त्या प्रचंड जीवाला विचारते, ही मुलगी कोण?

क्रियापद इथे येतं. ती मुलगी अजून जन्मलेलीच नाही. चारेक मिनिटांत पाहिलेलं ते आयुष्य घडून गेलेलं नव्हतं, घडणार आहे. पहिल्या वेळी हे ऐकलं तेव्हा डोक्यात मागची सगळी दृश्यं एकेक करून उलटी वळू लागली, ‘गेली’ची ‘जाईल’ होत गेली. मुलीचं नाव हॅना. रोमन लिपीत ते उलटसुलट सारखंच वाचता येतं; देवनागरीत ती गंमत हरवते, पण आपले ‘नयन’ आणि ‘सरस’ त्याच घडणीचे आहेत.

सिनेमात कच्च्या जागा आहेत. चिनी सेनापतीला एका फोनने युद्धापासून परतवणं मला फार सोयीचं वाटतं. भाषेवर इतकी मेहनत घेणाऱ्या गोष्टीचा पेच अखेर भविष्यातून मिळालेल्या दूरध्वनी क्रमांकाने सुटावा, हे जिवाला लागतं. इयनवर तर अन्यायच झाला आहे. मुलीचं भवितव्य लुईसने सांगितल्यावर तो घर सोडतो, आणि त्याचं सगळं दुःख मुलीच्या एका प्रश्नात आटोपतं, की बाबा माझ्याकडे पूर्वीसारखं का बघत नाहीत. त्या माणसासाठी एक पूर्ण प्रसंग हवा होता.

कथेतली मुलगी पंचविसाव्या वर्षी कडा चढताना अपघातात जाते. सिनेमातली त्याहून लहान वयात, न थांबणाऱ्या आजाराने. हा बदल मला मोलाचा वाटतो. अपघात ठाऊक असता तर आईने मुलीला त्या दिवशी घरात डांबलं असतं, असं मन म्हणत राहतं. आजाराला तसं दार नाही. लुईसपाशी उरतो एकच निर्णय: ही मुलगी जन्माला घालायची की नाही. तळ्याकाठच्या घरात इयन तिला विचारतो आणि ती हो म्हणते. मागे पुन्हा तीच तंतुवाद्यं.

तिसऱ्यांदा पाहताना मात्र माझी नजर स्फोटाच्या प्रसंगावर अडकली. दोन पाहुण्यांना इयनने जुन्या विनोदी जोडीची नावं दिलेली आहेत, अ‍ॅबट आणि कॉस्टेलो. स्फोटकांचे आकडे उलटे धावताहेत, माणसांना पत्ता नाही. अ‍ॅबट काचेवर ठोकतो, लुईसला जवळ बोलावतो, तिचा हात शाईवर धरून तिला लिहू देतो, आणि अगदी शेवटच्या क्षणी लुईस आणि इयन दोघांना बाहेर ढकलून देतो. स्वतः वाचत नाही. या जीवांना पुढचं आणि मागचं एकत्रच दिसतं, हे आता मला माहीत होतं. म्हणजे त्या सकाळी धुक्यातून काचेकडे येताना अ‍ॅबटला सगळं ठाऊक होतं. तरी तो आला, आणि आधी त्याने लिहायला शिकवलं.