चांगले पुस्तक म्हणजे काय?

आपल्या कुटुंबांतून पुस्तकांविषयी हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: ‘फादर, हे पुस्तक चांगले आहे ना?’ विचारणाऱ्याच्या मनात ‘चांगले’ या शब्दाचा अर्थ ठरलेला असतो. पुस्तकातून बोध व्हावा, त्यात वावगे काही नसावे आणि अखेरीस चांगल्याचे चांगले, वाइटाचे वाईट व्हावे. ही अपेक्षा सद्हेतूची आहे यात शंका नाही. परंतु ती पुरेशी आहे काय, हे तपासून पाहण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखक साहित्याचा अभ्यासक नव्हे. धर्मग्रामाच्या कामातून सवड मिळेल तेव्हा हाती येईल ते वाचणारा तो एक सामान्य वाचक. एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या पाच पुस्तकांविषयीची त्याची मते या एका प्रश्नाच्या अनुषंगाने येथे मांडली आहेत.

बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. यमुना व विनायक हे जोडपे प्रवासास निघते आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या आपल्या कानी पडतात. त्या कहाण्या आजही अंगावर काटा आणतात. यमुना मात्र मनावर ठसत नाही. तिला सारे आधीच पटलेले आहे; तिच्या मुखी लेखकाचा युक्तिवाद आहे, तिचे स्वतःचे बोलणे नाही. विनायकाच्या मृत्यूने तीच विधवा होते, तेथे कथेत खरा प्राण यावयाचा; पण ग्रंथकर्त्याला तिला बाप्तिस्मा व पुनर्विवाह या ठरलेल्या मुक्कामी पोहोचवण्याची घाई आहे. उद्दिष्ट थोर, त्या काळी ते मांडण्याचे धैर्य त्याहून थोर. तरी आपण तिच्या दुःखात शिरण्याआधीच उपदेश सुरू होतो.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ हेही उघडउघड संस्काराचेच पुस्तक. मग ते घरोघरी एवढ्या आवडीने का वाचले जाते? आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलापुढे आई आपला पदर पसरते. मग ती जे थोडेसे बोलते ते मनात रुजते, कारण कृती आधी घडलेली असते. याउलट मोठ्या झालेल्या श्यामचे आश्रमातील मित्रांपुढचे विवेचन जेथे लांबते, तेथे मुले भराभर पाने उलटतात. उपदेश कोठे गोष्टीतून आला आणि कोठे वरून चिकटवला, हे त्यांना बिनचूक कळते.

या दोहोंशेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवून पाहावीत. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेचा विषय धर्मांतरासारखा नाजूक; तरी कोणाला काही पटवून देण्याचा खटाटोप तीत नाही. सोवळ्यापायी बाजारातून आणलेले मीठही धुवून घ्यावयास लावणारे वडील त्या रंगवतात. आपण हसतो, पण त्यांचा तिटकारा करीत नाही. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपण कशा कोसळलो, हे त्या लपवीत नाहीत. पतीकडे परतल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे सांभाळले. जातिभेद त्यांच्या मनातून गेला तो कोणाच्या व्याख्यानाने नव्हे, तर स्वतःशीच विचार करता करता. पुढे ख्रिस्ती झालेल्या या बाईंनी पूर्वीच्या आप्तांना मूर्ख ठरवले नाही, ख्रिस्ती मंडळींना देवदूत केले नाही आणि कवी असलेल्या नवऱ्याचा लहरीपणाही झाकला नाही. म्हणूनच त्या श्रद्धेविषयी बोलू लागतात तेव्हा त्यांच्या शब्दावर विश्वास बसतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) तर बोध म्हणून काढून दाखवावे असे काहीच नाही. माणदेशातील धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर येतो, तालीम उभी राहते, दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. चोऱ्या करणाऱ्या आनंदा रामोशाला लेखक शिक्षाही देत नाही, शाबासकीही देत नाही. तरी पुस्तक मिटताना माणसांविषयीचा आपला आदर वाढलेला असतो.

सर्वांत अवघड उदाहरण इंग्रजी लेखक ग्रॅहॅम ग्रीन यांच्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (१९४०) या कादंबरीचे. मेक्सिकोतील धर्मछळाच्या काळात जीव मुठीत धरून फिरणारा तिचा नायक धर्मगुरू आहे, आणि तो दारूच्या आहारी गेलेला, एका मुलीचा बाप आहे. त्याचा पाठलाग करणारा पोलीस अधिकारी मात्र सचोटीचा, गोरगरिबांच्या मुलांविषयी कळवळा असलेला. १९५३ साली रोमच्या होली ऑफिसने या कादंबरीवर आक्षेप घेतला. पुढे पोप सहावे पॉल यांनी, ती आपण वाचली असून अशा आक्षेपांकडे लक्ष देऊ नये, असे आपल्याला सांगितल्याचे ग्रीन यांनी नमूद केले आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या कादंबरीतच एका ठिकाणी सापडते. एक माता मुलांना एका हुतात्म्याचे बोधपर चरित्र वाचून दाखवीत असते. त्यातील नायक बालपणापासून निर्दोष. तिचा मुलगा ऐकून कंटाळून जातो. पण सुरक्षित ठिकाणी पोहोचलेला तो दुबळा धर्मगुरू सापळा ओळखूनही एका मरणासन्न गुन्हेगाराचे पापनिवेदन ऐकण्यासाठी परत फिरतो आणि पकडला जातो. त्याला गोळ्या घातल्यावर मात्र या मुलाच्या मनात काहीतरी हलते. रात्री दारावर थाप पडते, दुसरा धर्मगुरू उभा असतो, आणि मुलगा आदराने त्याला घरात घेतो. निर्दोष नायकाला जे साधले नाही ते या पतिताच्या मरणाने साधले.

प्रवचन हे धर्मगुरूचे रोजचे काम. त्याला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु पुस्तकाने प्रवचनाची जागा घेऊ नये. आपल्या घरातील कपाटात संतचरित्रे अवश्य असावीत. त्यांच्याशेजारी ‘स्मृतिचित्रे’ व ‘बनगरवाडी’ असावी, आणि मुले जाणती झाली की ग्रीनही असावा. मुलाने पुस्तक मिटले की ‘यातून काय शिकलास?’ असे लगेच विचारू नये. ‘यातले कोण तुला खरे वाटले?’ असे विचारावे, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.