वारलेले सत्तर रुपये

दिवाळीनंतरच्या रविवारी दोन पोरं दारात येऊन उभी राहिली. दोघंही रांजणगावच्या एमआयडीसीत नव्यानं लागलेली, एक लातूरकडचा, एक बुलढाण्याचा. वरची खोली रिकामी आहे का, विचारत होती. आईनं ठरलेला प्रश्न टाकला, "फॅमिली आहे का?" शिरूरात हा प्रश्न घरमालकांच्या तोंडात बसलेला आहे. 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीखाली 'फक्त फॅमिलीसाठी' ही ओळ ठरलेलीच. लातूरचा गप्प राहिला. बुलढाण्याचा म्हणाला, "मंडळी येणारेत काकू, पुढच्या महिन्यात." बोलताना त्याची नजर आईकडं नव्हती, तुळशीच्या कुंडीवर होती.

"कळवते," म्हणून आईनं त्यांना वाटेला लावलं. दार लोटता लोटता म्हणाली, "धनंजय माने."

'अशी ही बनवाबनवी' मला पाठ आहे, असं मी बेचाळिसाव्या वर्षापर्यंत समजत होतो. त्या रात्री कळलं की मला फक्त त्यातले संवाद पाठ होते. सिनेमा पहिल्या चौकटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत मी कधी पाहिलाच नव्हता. टीव्हीवर लागायचा तेव्हा नेहमी मधूनच सापडायचा, जाहिरात लागली की उठायचो, जेवायला बोलावलं की जायचो. लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, साडीत दिसेपर्यंतचा भाग आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी धड पाहिलेला नसेल, असा माझा संशय आहे. म्हणून त्या रात्री आईला शेजारी बसवलं आणि सुरुवातीपासून लावला.

1988 चा हा सिनेमा. दिग्दर्शन सचिनचं. भाड्याची खोली मिळावी म्हणून चौघांपैकी दोघं साडी नेसून उरलेल्या दोघांच्या बायका होतात, ही गोष्ट. कथेची मुळं हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या 'बीवी और मकान'मध्ये आणि त्याच्याही मागं 'जय माँ काली बोर्डिंग' या बंगाली चित्रपटात. म्हणजे माल बाहेरचा. पण पहिल्या अर्ध्या तासातच लक्षात येतं की संवाद लिहिणारा माणूस मात्र पक्का इथला आहे. ते वसंत सबनीस. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे, दादा कोंडक्यांच्या तोंडी ज्यांची बतावणी 1965 पासून महाराष्ट्रभर गाजली, तेच. हे नाव श्रेयनामावलीत लहानपणीही समोरून गेलं असणार. तेव्हा ते वाचायचं कुणाला सुचतं?

सत्तर रुपयांचा प्रसंग घ्या. घरमालक विश्वासराव सरपोतदार, म्हणजे सुधीर जोशी. भाडेकरू धनंजय माने, म्हणजे अशोक सराफ. मधुमेहावरचं इस्रायलचं औषध आणून देतो म्हणून मान्यांनी मालकाकडून सत्तर रुपये घेतलेले. ज्याच्या भरवशावर घेतले तो माणूस म्हणे वारला. मग माझ्या पैशांचं काय, तर तेही वारले. लहानपणी आम्ही या उत्तरावर का हसायचो, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आता ते क्रियापद नीट ऐकलं. मराठीत मरण्याला किती शब्द! मेला, गेला, खपला, गचकला. बुडालेल्या पैशालाही शब्द आहेच, 'बुडाले'. मान्यांनी तो वापरला असता तर तो फसवणुकीचा कबुलीजबाब झाला असता. 'वारले' हा शब्द आपण घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी राखून ठेवतो, तो आला की समोरच्यानं मान खाली घालायची असते, पुढं प्रश्न विचारायचा नसतो. माने त्या सत्तर रुपयांना सुतकात बसवतात आणि मालकाला हिशेब मागायची सोयच ठेवत नाहीत. अशोक सराफ ते हसवण्यासाठी म्हणत नाहीत, यातच खरी मजा आहे. चेहरा तेराव्याला आलेल्या माणसाचा. आणि सुधीर जोशींच्या डोळ्यांत क्षणभर खरोखरच दुःख आणि संताप एकमेकांना धक्के देत दाराशी येतात. हसवणाऱ्याइतकाच फसणारा तोलामोलाचा असावा लागतो, हे मला आता कळतंय. पूर्वी सुधीर जोशींकडं माझं लक्षच नसायचं.

हीच बतावणी. तमाशात गण होतो, गवळण होते, मग सोंगाड्या आणि सरदार समोरासमोर उभे राहतात आणि शब्दाचा एक अर्थ याच्याकडं, दुसरा त्याच्याकडं अशी ओढाताण सुरू होते. सबनिसांनी ढोलकी काढून घेतली, धोतर-फेटा काढून घेतला आणि उरलेलं सगळं पुण्याच्या पेइंग गेस्टच्या खोलीत आणून ठेवलं. 'जाऊबाई' आणि निघून 'जाऊ' यांची गाठ मारणारा विनोद असो, की पार्वतीची ओळख करून देताना 'ही माझी'च्या जागी 'हा माझा' निसटणं असो, सगळा खेळ व्याकरणाचा आहे. अर्ध्या अक्षरानं लिंग बदलतं आणि चौघांची भाड्याची खोली धोक्यात येते. हा विनोद दुसऱ्या भाषेत नेऊन दाखवा म्हटलं तर घाम फुटेल.

आणि पार्वती? परशा साडी नेसून येतो तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे बाईची नक्कल करत नाही. सचिनची सुधा नक्कल करते, नाजूक, लाजरी, फसवी. कॅमेऱ्यालाही क्षणभर खरी वाटावी अशी. बेर्डेची पार्वती मात्र पदर सावरते तो खांद्यावर टॉवेल टाकावा तसा. ती गवळणीतली मावशी आहे. गवळणींच्या घोळक्यात पुरुष मावशी होऊन येतो तेव्हा प्रेक्षकाला तो पुरुष आहे हे माहीत असतं, कृष्णालाही माहीत असतं, आणि सगळी गंमत त्या माहितीवरच उभी असते. आई हे माझ्याआधी म्हणाली. "मावशीच हाय ती," एवढंच. मग तिनं लहानपणी जत्रेत पाहिलेल्या कुठल्याशा फडातल्या मावशीचं चालणं बसल्या जागी करून दाखवलं.

आमच्या भागातल्या माणसाला हे फार शोधावं लागत नाही. जुन्नरकडचं नारायणगाव ढोलकीफडांचं माहेर. आमच्याच तालुक्यातल्या कवठे येमाईचे बी. के. मोमीन कवठेकर तमाशांना वग आणि गाणी लिहून द्यायचे. आणि दक्षिणेला, न्हावरे-पारगाव-केडगाव करत एसटी चौफुल्याला पोचली की कला केंद्रांच्या पाट्या दिसायला लागतात. तो दौंड तालुका, आणि ती संगीत बारी. फडाचं आणि बारीचं घराणं वेगळं, हे जाणकार लगेच सांगतील. माझा मामा दौंडला रेल्वेत होता. सुट्टीत त्याच्याकडं जाताना चौफुल्याला गाडी थांबली की वडील माझी मान हातानं दुसऱ्या बाजूला वळवायचे. त्यामुळं मला त्या पाट्यांवरच्या बायकांचे चेहरे आठवत नाहीत. वडिलांच्या तळव्याचा तंबाखूचा वास आठवतो.

बनवाबनवीत मला या खेपेला सर्वांत जास्त भेटली ती लीलाबाई काळभोर, नयनतारांनी केलेली. काळभोर म्हटलं की दौंडच्या शटलनं जाणाऱ्याला लोणी काळभोरच आठवणार. सबनिसांनी आडनाव सहज ठेवलं की मुद्दाम, देव जाणे, पण पुण्यात मोठं घर असलेल्या विधवेला ते असं बसलंय की ती कुठल्या शेतातून आली, पैसा कुठून आला, हे न सांगता कळतं. लहानपणी ती फक्त अडथळा होती, पकडले जाण्याची भीती. आता दिसते ती एवढ्या घरात एकटी राहिलेली म्हातारी, तिच्या मालमत्तेवर डोळा ठेवून येणारा पुतण्या बळी, आणि दोन खोट्या सुनांवर जडलेली तिची खरी माया. तिला 'फॅमिली' कशासाठी हवी असते, हा प्रश्न मला आतापर्यंत पडलाच नव्हता. सिनेमानं तिला पुरेसं वळून पाहिलेलं नाही, ही माझी तक्रार. शेवटाकडं मारामारी लांबते, पुतण्याची माणसं धडपडतात, आणि म्हातारीला बसलेला धक्का चार वाक्यांत उरकतो. सबनिसांना ते दुःख लिहिता आलं नसतं असं नाही, जागा नव्हती.

ती जागा दुसऱ्या सिनेमात सापडली. तोही मी अर्धवटच पाहिला होता, आणि तो दोष माझा नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या गल्लीतलं मंडळ गणपतीत व्हीसीआर भाड्यानं आणायचं. एका वर्षी बनवाबनवी झाल्यावर "लक्ष्याचा नवा" म्हणून दुसरी कॅसेट घातली. पोरं टाळ्या वाजवून तयार. पण पडद्यावरचा लक्ष्या काही केल्या लक्ष्या होईना. तमाशातला सोंगाड्या होता, हसवत होता, पण त्याच्या हसवण्याच्या आजूबाजूला कुणीतरी सारखं दुखावलेलं असायचं. वीसेक मिनिटांत आरडाओरड झाली. कॅसेट काढली, मारधाडीचा हिंदी पिक्चर लागला. तो सिनेमा होता 'एक होता विदूषक', 1992 चा, पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे, 'गुळाचा गणपती'नंतर जवळपास चार दशकांनी. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, आमच्या गल्लीत वीस मिनिटंही टिकला नाही. थिएटरातही फार वेगळं घडलं नाही म्हणतात.

दिग्दर्शक जब्बार पटेल. दौंडला हे नाव आधी दवाखान्याच्या पाटीवरचं. ते बालरोगतज्ज्ञ, पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ. 'सामना' आणि 'सिंहासन' करणारा माणूस आमच्या मामाच्या गावात पोरांची छाती तपासत होता, हे मला पंचविशीनंतर कळलं. चौफुल्याची बारी आणि भोवतालच्या साखर कारखान्यांचं राजकारण, दोन्ही या डॉक्टरांच्या शेजारचं. विदूषकात ती दोन्ही एका माणसाच्या अंगावर येतात. आबुराव, म्हणजे बेर्डे, तमाशात वाढतो, सिनेमात नाव काढतो, मग सत्तेच्या लोकांना सभेत माणसं हसवायला हवी असतात म्हणून तिकडं ओढला जातो.

बनवाबनवी संपल्यावर आठवड्यानं तो लावला. बेर्डेनं इथं काय केलंय, ते पाहायला आधी बनवाबनवी ताजी असावी लागते. तेच डोळे मोठे करणं, तोच आवाज शेवटी फाटू देणं. पण तिथं हसू आलं की पुढचं वाक्य. इथं हसू येऊन गेल्यावर तो चेहरा तसाच थोडा वेळ राहतो. बतावणी करताना सोंगाड्या समोरच्या सरदाराकडं न बघता लोकांकडं बघतो, ही तमाशाची रीत. आबुराव पुढं पुढं घरातल्या माणसांशी बोलतानाही तसंच, कुणातरी तिसऱ्याकडं बघत बोलायला लागतो. निळू फुले फडातला जुना जाणता होऊन त्याच्या शेजारी उभे राहतात तेव्हा दोन पिढ्यांचे सोंगाडे एका चौकटीत दिसतात. फुले अर्ध्या हुंकारात जे करतात त्यासाठी बेर्डेला पूर्ण वाक्य लागतं, आणि बेर्डेला ते माहीत असल्यासारखा तो त्यांना जागा देतो. मधू कांबीकर आईच्या भूमिकेत. त्यांच्या बसण्यात, पायांतल्या चाळांचं वजन नसतानाही ते दिसण्यात, शिकवून येणारं काही नाही. लावण्या महानोरांच्या, संगीत आनंद मोडकांचं, नृत्यांसाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना राष्ट्रीय पुरस्कार. पुलंचा संवाद मात्र कधीकधी फार शहाणा होतो. राजकारणाच्या भागात पात्रांऐवजी लेखक बोलतोय असं वाटतं, आणि तेवढ्यापुरता सिनेमा सदाशिव पेठेत शिरतो.

पण न हसणारी लेक समोर घेऊन बसलेला विदूषक, तिथं सगळं माफ. अख्ख्या महाराष्ट्राला हसवलेल्या माणसाची सगळी हत्यारं एका पोरीपुढं बोथट. तो गोष्ट सांगायला लागतो. ती हसते की नाही, हे लिहीत नाही. मंडळाच्या पोरांनी माझ्याकडून जे हिसकावलं ते मी तुमच्याकडून कशाला हिसकावू?

आई मध्येच दूध तापवायला उठली होती. गॅस बंद करून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली ती शेवटपर्यंत. बस म्हटलं तर हात हलवला. संपल्यावर म्हणाली, "ह्यो आपण का नव्हता बघितला?" मी मंडळाची कथा सांगितली. ऐकून घेतली, बोलली काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं बुलढाण्याच्या पोराला फोन करायला लावला. दोघंही वरच्या खोलीत राहायला आलेत. मंडळी कधी येणार, हे तिनं अजून विचारलेलं नाही.