‘पायलट’ : एका नौकाशब्दाचा खुष्कीचा प्रवास

शब्दाचे मूळ हाती आले की त्याचा अर्थही हाती आला, अशी समजूत आपल्याकडील शब्दचर्चेत वारंवार आढळते. ‘पायलट’ या इंग्रजी शब्दाच्या मराठी प्रदेशातील वापरावर ती ताडून पाहणे उद्बोधक ठरेल.

सोळाव्या शतकात हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. फ्रेंचने तो इटालियनमधून घेतला. आणि त्याचे मूळ सामान्यतः वल्हे किंवा सुकाणू या अर्थाच्या ग्रीक शब्दात मानले जाते. म्हणजे मूळचा पायलट हा सुकाणूधारी.

आता वरठी येथील ‘भंडारा रोड’ हे रेल्वे स्थानक घ्या. मुंबई–हावडा लोहमार्गावरील हे स्थानक समुद्रापासून शेकडो मैल आत आहे. येथून जाणारी गाडी चालविणाऱ्यास पूर्वी ‘ड्रायव्हर’ म्हणत; चालू शतकाच्या आरंभीच्या वर्षांत रेल्वेने त्याचे पदनाम ‘लोको पायलट’ असे केले. यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक, आगगाडीला सुकाणू नसते, तिची दिशा रूळ आणि सांधे ठरवितात. सबब हा शब्द अयथार्थ आहे. दुसरा, ही वैमानिकाच्या प्रतिष्ठेची उसनवारी आहे.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य असू शकेल. परंतु प्रतिष्ठेसाठी शब्द उचलला म्हणून तो निरर्थक ठरत नाही. पहिला आक्षेप मात्र व्युत्पत्तीलाच अर्थ मानण्यातून उद्भवतो. मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजावर जो पायलट चढतो, तो स्वतः सुकाणू धरतोच असे नाही. खडक कोठे, भरती-ओहोटी कशी, खोल पाण्याची वाट कोणती, हे तो जाणतो आणि त्याप्रमाणे सूचना देतो. अर्थात मूळ अर्थ समुद्रावरच मागे पडला आणि ‘मार्गज्ञान’ हा अर्थघटक पुढे आला. रेल्वेच्या नियमांतही अपरिचित मार्गावर चालकाने त्या मार्गाचा जाणकार कर्मचारी सोबत घ्यावा, अशी तरतूद आहे. गोव्यात मोटारसायकलवरून उतारू नेणाऱ्यास ‘पायलट’ म्हणतात, तेथेही सुकाणूची आठवण कोणास होत नाही. ‘पथदर्शी प्रकल्प’ हा मराठी पर्याय तर वाट दाखविण्याच्या याच घटकावर उभा आहे.

असा अर्थविस्तार मराठीला नवा नाही. संस्कृतात ‘कर्ण’ या शब्दाचा एक अर्थ सुकाणू असा आहे. त्यावरून ‘कर्णधार’ म्हणजे नावाडी. तरीही क्रिकेट संघाच्या कर्णधारास सुकाणू कोठे आहे, असे कोणी विचारीत नाही. अरबी ‘सुक्कान’पासून आलेले आपले ‘सुकाणू’ही समित्यांच्या नावांत सुखाने नांदते आहे.

व्युत्पत्ती शब्दाचे कुळ सांगते. त्याचा आजचा व्यवसाय सांगत नाही. तो व्यवहारातच शोधावा लागतो. ‘लोको पायलट’ऐवजी ‘रेल्वेचालक’ म्हणण्यास हरकत नाही. मात्र त्या शब्दात गाडी चालविणे येते, वाट जाणणे येत नाही. मराठी पदनाम सुचविणाऱ्याने प्रथम या उणिवेचा हिशेब दिला पाहिजे.