सातबारा बदलला म्हणून बांध सरकत नाही

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "पीएचडी नेमकी कशावर चाललीय?" एका वाक्यात सांगतो. संगणक कसा असावा हे एका फाइलमध्ये लिहून ठेवलं, तर तो खरोखर तसा होतो का आणि तसाच राहतो का, एवढाच माझा प्रश्न. आज त्यातलं एक साधन तपासू: डिस्को. निक्सओएस या लिनक्सवर डिस्कचे पार्टिशन पाडायला ते वापरतात.

आधी माझी फजिती. धुळ्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमधली मशीन नव्याने लावायची होती. मी फाइल जळगावला खोलीवर बसून लिहिली, एका मशीनवर तपासली आणि बसने धुळ्याला गेलो. फाइलमध्ये डिस्कचं नाव होतं 'एसडीए'. लॅबच्या एका मशीनमध्ये नवी एसएसडी होती आणि जुनी हार्डडिस्कही तशीच ठेवलेली होती. तिथे एसडीए निघाली जुनी. कमांड बिनबोभाट पूर्ण झाली, एकही एरर नाही. पोरांचे प्रोजेक्ट मात्र गेले. चूक माझीच. एसडीए, एसडीबी ही नावं लिनक्स सुरू होताना वाटली जातात, ती कायमची नसतात, हे मला माहीत होतं. तरी एक प्रश्न डोक्यातून जाईना: फाइल वाचून हा धोका मला दिसला का नाही?

त्याचं उत्तर 'डिक्लेरेटिव्ह' या शब्दात आहे. साधी स्क्रिप्ट म्हणजे हुकमांची यादी: हे पुस, ते पाड, इथे जोड. डिक्लेरेटिव्ह फाइल फक्त वर्णन करते: बूटसाठी अर्धा जीबी, बाकी सगळी जागा मूळ फाइलसिस्टिमला. कसं करायचं ते साधन बघून घेतं. वाचायला फार छान. पण वर्णनात क्रियापद नसतं, आणि 'पुसणे' हे क्रियापदच आहे. रेड हॅटच्या जुन्या किकस्टार्ट फाइलमध्ये 'क्लिअरपार्ट' अशी ओळ स्पष्ट लिहावी लागते. ती दिसायला ओबडधोबड, पण वाचणाऱ्याचा हात तिथे थबकतो. डिस्कोत पुसायचं की नाही हे कमांड चालवताना ठरतं. फाइल दोन्ही वेळेला तीच.

आता थोडं मुळात जाऊ. निक्सची कल्पना एल्को डोल्स्ट्रा यांच्या २००६ च्या उट्रेक्ट विद्यापीठातल्या प्रबंधातून पुढे आली. तिची ताकद साधी आहे: जुन्या पॅकेजला हात लावायचा नाही, नवं त्याच्या शेजारी ठेवायचं. बिघडलं तर बूट मेनूतून मागची आवृत्ती निवडायची. म्हणजे ही हमी चांगल्या भाषेमुळे मिळत नाही, शेजारी मोकळी जागा असते म्हणून मिळते. डिस्कवर तशी जागा कुठाय? एका सेक्टरवर एकाच वेळी एकच गोष्ट राहते. डिस्कोने निक्सची भाषा घेतली, पण निक्सची हमी त्याला घेता आली नाही. माझा मुख्य आक्षेप हाच.

बूटचं उदाहरण घ्या, म्हणजे पटेल. सिस्टिमडी-बूट वापरलं तर कर्नल आणि सुरुवातीची रॅमडिस्क बूट पार्टिशनवरच ठेवावी लागते. मागे जाता यावं म्हणून जुने कर्नलही तिथेच राहतात. काही महिन्यांनी अर्धा जीबी भरतो आणि अपडेट 'जागा नाही' म्हणून अडकतं. तुम्ही म्हणाल, फाइलमध्ये ५१२ एमबीच्या जागी १ जीबी लिहू. लिहा! काही होणार नाही. असलेल्या पार्टिशनचा आकार डिस्को बदलून देत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र वाढवून लिहिलं म्हणून शेजाऱ्याचा बांध सरकतो का? तसंच हे. आता फाइल एक सांगते आणि डिस्क दुसरंच.

याच कामाचं दुसरं साधन म्हणजे सिस्टिमडी-रीपार्ट, सिस्टिमडीच्या २४५ व्या आवृत्तीत, २०२० मध्ये आलेलं. ते स्वतःला आवर घालतं. नेहमीच्या वापरात फक्त नसलेलं पार्टिशन घालतं आणि पुढे मोकळी जागा असेल तर असलेलं वाढवतं. ते पुसत नाही, लहानही करत नाही. आकारही 'कमीत कमी इतका, जास्तीत जास्त इतका' असा लिहिता येतो. आश्वासन छोटं आहे, पण पाळता येणारं आहे.

मग डिस्को टाकाऊ का? मुळीच नाही. कोऱ्या डिस्कसाठी त्याच्याइतकं सोयीचं साधन मी वापरलेलं नाही. पार्टिशन आणि माउंटची यादी एकाच फाइलमधून निघतात, त्यामुळे दोन्हींत तफावत राहत नाही. तीस मशीन एकसारखी लावायची असतील तर खरंच दिवस वाचतो. कमी आहे ती एकाच गोष्टीची: चालवण्याआधी फाइल आणि समोरची डिस्क यांची तुलना करून काय राहील, काय जाईल आणि काय बदलता येणार नाही, हे ओळीओळीने दाखवायला हवं. फक्त डिस्कचं नाव दाखवून 'नक्की का?' विचारणं पुरेसं नाही. घाईतला माणूस 'हो' म्हणतोच.

तोवर तुम्ही वापरणार असाल तर एवढं करा. डिस्कचं नाव 'बाय-आयडी'मधलं लिहा, त्यात मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. बूट पार्टिशन सुरुवातीलाच १ जीबी ठेवा आणि मेनूतल्या जुन्या आवृत्त्यांना मर्यादा घाला. आधी व्हर्च्युअल मशीनवर चालवून बघा. आणि जी डिस्क पुसायची नाही, तिची केबल काढून ठेवा. हा शेवटचा उपाय कुठल्याच प्रबंधात सापडणार नाही, पण त्या दिवशी धुळ्यात तेवढ्यानेच काम झालं असतं.