‘ह्वान्होन’चे दुसरे पर्व : चेहरा, नाव आणि संबोधन

एखाद्या कथेच्या उत्तरार्धात नायिकेचा चेहराच पालटला, तर ती नायिका तीच राहते काय, हा प्रश्न सामान्यतः नाट्यसमीक्षेच्या कक्षेत येत नाही. नटी बदलणे ही निर्मात्यांची व्यावहारिक अडचण समजली जाते आणि प्रेक्षकही काही दिवस कुरकुर करून तिकडे दुर्लक्ष करतात. परंतु ‘ह्वान्होन’ या कोरियन मालिकेची गोष्ट निराळी आहे. शरीर वेगळे आणि आत्मा वेगळा, हे गृहीतच तिच्या कथावस्तूचा पाया असल्यामुळे नटीचा बदल हा येथे कथेबाहेरचा अपघात न राहता कथेच्या मूळ प्रश्नाचाच भाग बनतो.

हाँग जंग-उन आणि हाँग मी-रान या लेखिका-भगिनींनी लिहिलेली व पाक जुन-ह्वा यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका 2022 साली दक्षिण कोरियात प्रसारित झाली. पहिले पर्व वीस भागांचे, जून ते ऑगस्ट या काळातले. ‘प्रकाश आणि छाया’ असे उपशीर्षक धारण करणारे दुसरे पर्व अवघ्या दहा भागांचे, डिसेंबर 2022 ते जानेवारी 2023 या काळातले. पहिल्या पर्वात नाकसू या मारेकरी स्त्रीचा आत्मा मूदोक नावाच्या दुबळ्या, अंध मुलीच्या देहात शिरतो. ही मूदोक म्हणजेच जिन्योवॉन या घराण्याची हरवलेली कन्या जिन बुयॉन होय, हे मागाहून उघड होते. मूदोकचे काम जंग सो-मिन या नटीने केले होते. पर्वाच्या अखेरीस, शत्रूच्या मंत्रघंटेच्या प्रभावाखाली, तिच्या हातून स्वतः नायक जांग उक याचा घात होतो आणि ती सरोवरात उडी घेते. तीन वर्षांनंतर दुसरे पर्व सुरू होते तेव्हा तेच शरीर नाकसूच्या मूळ चेहऱ्याने, म्हणजे को युन-जंग या नटीच्या रूपाने, जिन्योवॉनमध्ये बंदिस्त आहे. स्मृती मात्र पूर्णपणे पुसली गेली आहे.

या रूपांतराचे स्पष्टीकरण संवादांतून दिले आहे: जो आत्मा प्रबळ होतो, त्याचे रूप शरीर धारण करते. हे स्पष्टीकरण प्रेक्षकाच्या गळी उतरत नाही, याचे कारण अद्भुताची अतिशयोक्ती हे नव्हे. अद्भुतकथेत अद्भुत असणारच. दोष आहे तो नियमभंगाचा. आत्मा कोणताही असो, चेहरा देहाचाच राहतो, हा नियम पहिल्या पर्वाने वीस भाग कसोशीने पाळला होता. पहिल्या पर्वातील सारा विनोद, सारे भय आणि बहुतांश करुण याच नियमातून निर्माण झाले. उत्तरार्धात हा नियम सैल केल्याने नायिकेचा देह, आत्मा आणि चेहरा यांची ओढाताण बरीचशी आपोआपच मिटते. प्रश्न कठीण होता. तो सोडविण्याऐवजी त्याची धारच काढून टाकली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि याच बदलातून एक नवा व अधिक मनोज्ञ प्रसंग उभा राहतो, हेही मान्य केले पाहिजे. कालिदासाच्या शाकुंतलात विसरतो तो राजा. शकुंतलेला सारे आठवते आणि चेहरा तोच असूनही ती अनोळखी ठरते. येथे योजना उलटी आहे. जांग उकला सर्व काही आठवते, किंबहुना त्या आठवणीखेरीज त्याच्यापाशी काही उरलेलेच नाही. परंतु ज्या मुखावर त्याने प्रेम केले ते मूदोकचे होते. समोर उभी असलेली स्त्री तीच आहे, पण तिला स्वतःला ते ठाऊक नाही आणि त्याला ओळखता येत नाही. नाकसूचा मूळ चेहरा पूर्वीपासून जाणणारा सो युल मात्र ओळखतो, आणि ती ओळख मनात दडवून ठेवतो. प्रियकर अंध आणि मित्र डोळस, ही रचना दुसऱ्या पर्वातील सर्वांत सरस कल्पना होय. अंगठीसारखी बाह्य खूण न योजता लेखिकांनी अभिज्ञानाचे कार्य स्वभावावर, बोलण्याच्या ढंगावर आणि न सांगता येणाऱ्या परिचितपणावर सोपविले आहे.

बोलण्याचा हा ढंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. कोरियन भाषेत आदराचे दर्जे मुख्यतः क्रियापदाच्या अंत्य प्रत्ययांनी व्यक्त होतात. सर्वनाम गाळले तरी बोलणाऱ्याचे नाते लपत नाही. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ आणि क्रियापदाचे अनेकवचन यांच्या साहाय्याने जे साधते, ते तेथे वाक्यागणिक अपरिहार्य असते. पहिल्या पर्वात मूदोक चारचौघांत दासी आहे: ‘दोर्योन्निम’, म्हणजे धाकटे मालक, अशी हाक, नम्र प्रत्यय आणि खेडवळ वळणाची बोली. एकान्तात तीच त्याची गुरू होते. तेव्हा प्रत्यय उतरतात, वाक्ये तोकडी होतात आणि ‘शिष्य’ हा शब्द हुकमासारखा येतो. दार बंद होताच पालटणारे हे व्याकरण म्हणजेच त्या दोघांची प्रेमकथा होती. इंग्रजी उपशीर्षकांत दोन्ही ठिकाणी एकच द्वितीयपुरुषी सर्वनाम येते आणि निम्मे नाट्य वाया जाते. ज्याच्या भाषेत सून सासऱ्याला ‘तू’ म्हणू शकत नाही, त्या मराठी प्रेक्षकाला हे नुकसान कळण्यास फारसे कष्ट पडू नयेत.

दुसऱ्या पर्वात ही दुहेरी भाषा नाहीशी होते. बुयॉन ही कुलीन घराण्यातील कन्या आहे आणि पुढे ती जांग उकची पत्नी होते. बंदिवासातून सुटण्यासाठी विवाहाचा प्रस्ताव तीच मांडते. तिच्या तोंडी खेळकर, सौम्य भाषा आहे. गुरूची अधिकारवाणी नाही. को युन-जंग यांच्या अभिनयावर आलेला थंडपणाचा आक्षेप बराचसा येथून उद्भवतो. वस्तुतः संहितेनेच पात्राकडून त्याचे सर्वांत तीक्ष्ण शस्त्र काढून घेतले आहे. स्मृती परतू लागते आणि आवाजात जुना करारीपणा चढतो, तेव्हा या नटीचे सामर्थ्य ध्यानात येते. दुर्दैवाने तोवर भाग संपत आलेले असतात. ली जे-उक यांचा जांग उक मात्र आरंभापासूनच समर्थ आहे. मरू न शकणाऱ्या माणसाचा थकवा त्यांनी केवळ खांद्यांच्या ठेवणीतून दाखविला आहे.

शीर्षकाविषयीही एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ‘ह्वान’ या अक्षराने कोरियनमधील अनेक चिनी मूळशब्द लिहिले जातात. एकाचा अर्थ बदलणे, दुसऱ्याचा परतणे. हांगुल लिपीत हा भेद दिसत नाही. पहिले पर्व आत्म्याच्या अदलाबदलीचे आणि दुसरे परतण्याचे, अशी फोड केल्यास दोन्ही पर्वे एकाच शब्दात सामावतात.

खलनायक जिन मू याचे कारस्थान, राजवाड्यातील डावपेच आणि अखेरचा अग्निपक्षी यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दहा भागांत हे सारे उरकावयाचे असल्याने घटना एकमेकींच्या पाठीवर पडतात. युवराज को वॉनचे मूदोकविषयीचे अर्धवट, हास्यास्पद आणि तरीही खरे ममत्व पहिल्या पर्वात फुलले होते. त्याची अखेर जेमतेम आटोपते.

मालिकेने सर्वांत जास्त अन्याय केला आहे तो बुयॉनची माता जिन हो-ग्यॉङ हिच्यावर. वेतालपंचविशीत शिरांची अदलाबदल झालेल्या दोघांपैकी पती कोणता, असे वेताल विचारतो, आणि शिर हे श्रेष्ठ अंग म्हणून ज्याच्या धडावर पतीचे शिर तोच पती, असे राजा उत्तर देतो. तेथे किमान प्रश्न विचारला जातो. जिन हो-ग्यॉङसमोरचा पेच याहून भयंकर आहे. ज्या देहाला ती मुलगी म्हणते त्यात तिच्या पतीचा जीव घेणाऱ्या स्त्रीचा आत्मा आहे, आणि तो वार याच देहाच्या हाताने झाला आहे. हे तिला आरंभापासून माहीत आहे; नाकसू विझत जाऊन बुयॉन उरेल, एवढ्या आशेवर ती तो देह जपते. पुढे कळते की गर्भातच मृत झालेल्या त्या मुलीत जिवंत झालेला आत्माही तिच्या मुलीचा नव्हता. तो फार पूर्वीच्या एका पूर्वजेचा, जिन सॉल-रान हिचा होता. शेवटी ती पूर्वजा निघून जाते, देह नाकसूला मिळतो आणि प्रेमी युगुलाचा मार्ग निष्कंटक होतो. ज्या मुलीसाठी आईने एवढा आटापिटा केला ती कधी होती तरी काय, हे विचारावयास त्या बाईला दहा भागांत पुरता एक प्रवेशही मिळत नाही.